ओपन सोर्स प्रोजेक्ट निवडताना आधी बंद झालेल्या पुल रिक्वेस्ट वाच

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहेस, पायथन बऱ्यापैकी येतं, जावास्क्रिप्ट कामापुरतं. चार महिन्यांत ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, प्रोजेक्टांना सात पुल रिक्वेस्ट (माझा बदल तुमच्या कोडमध्ये घ्या अशी विनंती) पाठवल्या आहेस, त्यातली एक मर्ज झाली, म्हणजे मूळ कोडमध्ये घेतली गेली, आणि तीही रीडमी या माहितीच्या फाइलमधल्या स्पेलिंगची. एका नावाजलेल्या मशीन लर्निंग प्रोजेक्टला पाठवलेली तीन महिने तशीच पडून आहे. सीनियर म्हणतात मोठं नाव धर, रेझ्युमेवर दिसतं. तर धरू कोणता? वयाने बराच मोठा आहे, म्हणून सरळ अरेतुरे करतो, राग मानू नकोस.

मी सतरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. पुण्याला काढली तेवढी काढली आणि शेवटची नऊ पुन्हा इंदुरात. एका छोट्या लायब्ररीचा (दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये वापरायच्या तयार कोडचा) मेंटेनर आहे, म्हणजे तुझ्यासारख्यांनी पाठवलेल्या पुल रिक्वेस्ट रात्री जेवणानंतर वाचणारा माणूस. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू बघितल्या आहेत.

तुझं दुखणं प्रोजेक्टच्या नावाचं नाही. सातपैकी सहा ठिकाणी तुझं काम कोणी उघडूनच बघितलं नाही, आणि ते कोड वाईट होता म्हणून नव्हे. तू जिथे दार वाजवलंस तिथे आत ऐकायला कोणी आहे का, हे वाजवण्याआधी बघितलं नव्हतंस. आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी मान्य करतो. आठवड्याला किती तास देऊ शकतोस, लॅपटॉप किती दमाचा आहे, आणि हे तू प्लेसमेंटसाठी करतोयस, गूगल समर ऑफ कोडसाठी (नव्यांना मेंटॉरच्या हाताखाली ओपन सोर्सचं काम देणारा गूगलचा कार्यक्रम) की खरंच शिकायचंय म्हणून, यावर उत्तर थोडं बदलतं. पण बघायचं कसं हे तिन्हीत सारखंच राहतं.

मी नवीन प्रोजेक्टकडे जातो तेव्हा स्टार, म्हणजे किती लोकांनी पसंती दिली, ते बघत नाही, रीडमीसुद्धा नंतर. आधी बंद झालेल्या पुल रिक्वेस्टची यादी उघडतो आणि शेवटच्या वीस वाचतो. उघड्या असलेल्या नाही, बंद झालेल्या. त्यात बाहेरच्या माणसाच्या किती आहेत ते मोजतो. टीममधल्या लोकांच्या नावापुढे सहसा मेंबर किंवा कोलॅबोरेटर असा शिक्का असतो, त्यावरून अंदाज येतो. बाहेरच्याला पहिलं उत्तर किती दिवसांत मिळालं? आणि नाकारलं असेल तर कसं? 'आम्हाला हे नको, कारण असं असं' एवढं दोन ओळींत सांगणारा मेंटेनर मला गोड बोलून चार महिने लटकवणाऱ्यापेक्षा हजार पटींनी बरा वाटतो. वीसपैकी एकही बाहेरची मर्ज नसेल तर प्रोजेक्ट कितीही मोठा असो, तिथे तुझा वेळ घालवू नकोस.

हे न बघता गेलास तर अगदी साध्या गोष्टीला ठेच लागते. एसक्यूलाइट नावाचं छोटं डेटाबेस सॉफ्टवेअर घे. तुझ्या फोनमध्ये आत्ता ते चालू आहे, कोड सार्वजनिक मालकीचा आहे, पण त्यांनी स्वतः स्पष्ट लिहून ठेवलंय की सोर्स खुला आहे, योगदान खुलं नाही. बाहेरच्यांचे पॅच, म्हणजे कोडमधले बदल, ते सहसा घेत नाहीत. लिनक्स कर्नलची, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर प्रत आहे, पण तिथे पुल रिक्वेस्ट टाकून काही होत नाही. पॅच ईमेलने मेलिंग लिस्टवर जातो. पोस्टग्रेस या डेटाबेसचंही तसंच, मेलिंग लिस्टवरच. या लोकांचं काही चुकत नाही, त्यांची पद्धत वेगळी आहे. ती आधी कळली तर तीन महिने वाट बघण्यात जात नाहीत.

दुसरी तपासणी घरच्या घरी होते. कोड उतरवून घे आणि काहीही न बदलता बिल्ड करून, म्हणजे त्यातून चालता प्रोग्रॅम तयार करून, टेस्ट चालवून बघ. एक संध्याकाळ दे. त्या संध्याकाळी सगळ्या टेस्ट हिरव्या झाल्या नाहीत तर प्रोजेक्ट सोड, किंवा बिल्डच्या सूचनांत काय चुकलंय तेच तुझं पहिलं योगदान समज. क्रोम ब्राउझर ज्यावर उभा आहे त्या क्रोमियमच्या सूचनांत किमान १०० जीबी मोकळी जागा ठेवा असं लिहिलंय. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ते काम म्हणजे मारुती ८०० ला ट्रॉली बांधण्यासारखं. प्रत्येक बदलानंतर चाळीस मिनिटं थांबावं लागलं तर महिन्याभरात तू कंटाळशील, आणि वाटेल की ओपन सोर्स आपल्याला जमत नाही.

आता 'गुड फर्स्ट इश्यू', म्हणजे नवख्यांना जमेल असं काम, या लेबलबद्दल, कारण तू तिथूनच सुरुवात केली असणार. हे लेबल चांगल्या हेतूने आलं, पण मोठ्या प्रोजेक्टवर तिथे आता राजवाड्यासमोर संध्याकाळी असते तशी गर्दी असते. इश्यू उघडल्यावर तासाभरात 'सर, प्लीज असाइन मी' अशा दहा कॉमेंट, आणि त्यातले बरेच आपलेच देशबांधव. हॅक्टोबरफेस्ट म्हणजे ऑक्टोबरभर पुल रिक्वेस्ट पाठवायचा उपक्रम; २०२० साली त्यात टी-शर्टसाठी लोकांनी इतका कचरा पाठवला की महिना सुरू होऊन दोन-तीन दिवस झाले नाहीत तोच आयोजकांना नियम बदलावा लागला. प्रोजेक्टने स्वतः हो म्हटलं तरच तिथली पुल रिक्वेस्ट मोजायची. पुढे एक्स्प्रेस या वेब लायब्ररीच्या रेपोत (कोडच्या साठ्यात) तर रीडमीमध्ये स्वतःचं नाव घालणाऱ्या पुल रिक्वेस्टचा पूर आला होता, कारण कुठल्याशा व्हिडिओत शिकवताना उदाहरण म्हणून तो रेपो दाखवला होता. त्याचा त्रास आता तुला होतो. अनोळखी भारतीय विद्यार्थ्याचं प्रोफाइल दिसलं की काही मेंटेनरांच्या मनात आधीच एक आठी पडते. अन्याय आहे, पण आहे. ती आठी घालवायचा उपाय म्हणजे असाइन मागण्याऐवजी थेट उपयोगी काहीतरी घेऊन जाणं.

उपयोगी म्हणजे काय? कोडच असायला हवा असं नाही. जुन्या बग रिपोर्टपैकी एखादा घे, सध्याच्या आवृत्तीवर तो अजून होतो का बघ, आणि होत असेल तर तो घडवून आणणारी सगळ्यात छोटी फाइल जोड. पूर्वी चालत होतं आणि आता बिघडलंय असं असेल तर गिट बायसेक्ट लाव, म्हणजे बिघाड कुठल्या बदलापासून सुरू झाला हे शोधणारी आज्ञा. हजार कमिट (नोंदलेले बदल) असले तरी प्रत्येक वेळी निम्मे गळतात, दहाच्या आसपास प्रयत्नांत दोषी कमिट सापडतो. माझ्या लायब्ररीत कोणी असं शोधून दिलं तर त्या माणसाचं नाव मी विसरत नाही. पुढची पुल रिक्वेस्ट त्याची असेल तर ती मी आधी उघडतो. हा पक्षपात आहे, मान्य.

हे सगळं कोणालाही लागू आहे. पण तुला एक गोष्ट फुकट मिळाली आहे, आणि तू ती प्रश्नात जाता जाता माफी मागितल्यासारखी लिहिलीस: 'माझी मराठी हिंदी मिक्स आहे, घरी मराठी, बाहेर हिंदी.' अरे, हेच तर तुझं भांडवल!

माझं सांगतो. कापड मार्केटात मामाचं दुकान होतं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी त्याच्यासाठी बिल छापायचा प्रोग्रॅम लिहिला, बिल मराठी-हिंदीत. स्क्रीनवर सगळं ठीक, पीडीएफ उघडली की 'किंमत'मधली वेलांटी क च्या मागे जाऊन बसलेली आणि जोडाक्षरं फुटून हलन्त दिसणारी. पीडीएफ बनवणारी ती लायब्ररी अक्षरं एकामागे एक नुसती ठेवत होती. देवनागरीत पहिली वेलांटी उच्चाराने नंतर येते पण दिसते आधी, आणि हे मांडण्याचं काम वेगळ्या इंजिनाला करावं लागतं, हे मला तेव्हा कळलं. मी मोठ्या जोशात स्वतःचा उपाय लिहून पाठवला. सहाशे ओळी. सात महिने उत्तर नाही, मग एक ओळ: हे फार मोठं आहे, आम्हाला ही लिपी वाचता येत नाही, बरोबर की चूक कसं ठरवणार? तेव्हा फार लागलं होतं. आज मी मेंटेनर आहे आणि मीही अगदी हेच उत्तर दिलं असतं. फक्त सात महिने लावले नसते.

दुसऱ्या खेपेला कोड पाठवलाच नाही. चाळीस शब्दांची यादी केली, प्रत्येकापुढे बरोबर कसं दिसावं त्याचं चित्र, चूक कसं दिसतं त्याचं चित्र आणि एका ओळीत नियम. ते तीन दिवसांत टेस्ट म्हणून आत गेलं. पुढच्या वर्षभरात त्यांच्याच माणसाने ते काम केलं आणि प्रत्येक टप्प्यावर 'हे आता बरोबर आहे का' असं मला विचारत राहिला. त्या वर्षात मी जेवढं शिकलो तेवढं चार वर्षांच्या डिग्रीत शिकलो नव्हतो.

अशी कामं आजही भरपूर पडून आहेत, आणि ती ओळखायला देवनागरी वाचणारा डोळाच लागतो. 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन वेगळे शब्द आहेत हे तुला सांगावं लागत नाही. 'आचार्यांना' बोलवायचं की 'आचाऱ्यांना' यावर लग्नघरात गोंधळ होऊ शकतो. हिंदीला तो दुसरा ऱ्य लागतच नाही, म्हणून फक्त हिंदीवर तपासलेला फाँट, कीबोर्ड किंवा ओसीआर (चित्रातली अक्षरं वाचणारा प्रोग्रॅम) नेमका तिथे अडखळतो. ल आणि श ची मराठी वळणं वेगळी आहेत. चांगल्या फाँटमध्ये दोन्ही असतात, पण मजकूर मराठी आहे हे सॉफ्टवेअरने फाँटपर्यंत पोचवलं नाही तर हिंदी वळण दिसतं. इंदुरात तू दोन्ही वळणं रोज बघतोस, पाट्यांवर हिंदी आणि घरच्या पत्रिकेवर मराठी. पुण्यातल्या मुलाच्या लक्षात यायला उशीर लागेल ते तुला चालता चालता दिसेल.

आकड्यांचंही असंच आहे, आणि हे तुझ्या जावास्क्रिप्टच्या आवाक्यातलं आहे. भाषा-प्रदेशांची जी सामायिक माहिती बहुतेक सॉफ्टवेअर वापरतात ती म्हणजे सीएलडीआर; ती युनिकोडची, म्हणजे सगळ्या लिप्यांची चिन्हं संगणकासाठी ठरवणाऱ्या मानकाची. तिच्यात मराठीसाठी वेगळं न सांगता येणारे आकडे देवनागरी धरले आहेत, हिंदीसाठी इंग्रजी. म्हणून ब्राउझरला मराठीत संख्या दाखवायला सांगितली तर '१,२३,४५६' येतं. आता एखाद्या प्रोग्रॅमरने तीच दाखवलेली संख्या वाचून पुढे हिशोब केला, तर मजकुरातून संख्या काढणारं जावास्क्रिप्टचं पार्सफ्लोट देवनागरी आकडा ओळखत नाही, हातात 'नॅन', म्हणजे 'ही संख्या नाही', येतो. गंमत म्हणजे स्वल्पविराम काढले की पायथनचं इंट हेच आकडे बिनतक्रार वाचतं. म्हणजे सर्व्हर खूश, पान रडतंय, आणि हिंदीवर तपासणाऱ्याला काहीच दिसत नाही. तू रोज वापरतोस अशा पाच वेब प्रोजेक्टांची भाषा मराठी करून किंमत, तारीख, पानांचे क्रमांक बघ. एखादा तरी सापडायची शक्यता मला चांगली वाटते.

आणखी एक: नावाचं पहिलं अक्षर गोलात दाखवणारे ॲप. 'क्षितिजा'चा गोलात नुसता 'क' येतो, 'श्रीकांत'चा 'श'. कारण 'क्षि' हे आपल्याला एक अक्षर, पण युनिकोडला चार चिन्हं. जोडाक्षर तोडू नये हा नियम युनिकोडने अक्षरं विभागण्याच्या मूळ नियमांत २०२३ च्या १५.१ आवृत्तीत घातला. म्हणजे जुन्या लायब्ररीवर बसलेल्या ॲपमध्ये हा बग असणार, आणि तो दुरुस्त करायला बऱ्याचदा दहा-वीस ओळी पुरतात. पहिल्या खऱ्या पुल रिक्वेस्टसाठी याहून नेटकं काम मला सुचत नाही: छोटं आहे, टेस्ट लिहिता येते, आणि मेंटेनरला चित्र दाखवून दोन मिनिटांत पटवता येतं.

भाषांतराचं काम? करू शकतोस. लिब्रेऑफिसचं वेबलेटवर चालतं, मोझिलाचं पॉन्टूनवर, विकिपीडियाच्या सॉफ्टवेअरचं ट्रान्सलेटविकीवर. प्रवेश सोपा आहे. पण जपून, आपली इंदुरी मराठी तिथे नेऊ नकोस. 'पान लोड होऊन राहिलं आहे' हे आपल्याला गोड लागतं, मुंबईच्या रिव्ह्यूअरला नाही. आणि जे सॉफ्टवेअर स्वतः वापरत नाहीस त्याचं भाषांतर करू नकोस, शब्द कुठल्या बटणावर बसणार हेच कळत नाही.

समर ऑफ कोडबद्दल थोडक्यात. २००५ पासून चालू आहे, २०२२ पासून ते फक्त विद्यार्थ्यांपुरतं राहिलेलं नाही, त्यामुळे स्पर्धाही वाढली. निवडलेल्या संस्थांची यादी साधारण फेब्रुवारीत येते आणि त्या दिवशी सगळे धावतात. तू आधीच्या वर्षांच्या याद्या बघ, वारंवार येणाऱ्या संस्था निवड आणि दिवाळीपासूनच तिथे काम सुरू कर. मार्चमध्ये पहिल्यांदा तोंड दाखवणाऱ्याचा प्रस्ताव कितीही सजवलेला असला तरी मेंटॉर आधी ओळखीचं नाव शोधतो.

सीनियरचं 'मोठं नाव' म्हणशील तर, इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपन्यांच्या सामूहिक भरतीत त्याने फारसा फरक पडताना मी बघितलेला नाही; तिथे परीक्षेचे मार्क आणि ॲप्टिट्यूड. छोट्या कंपनीत पडतो, कारण तिथे मुलाखत घेणारा स्वतः तुझी पुल रिक्वेस्ट उघडतो. मी उघडतो. किती ओळी हे नाही, रिव्ह्यूमध्ये कोणी चूक दाखवल्यावर मुलाने काय लिहिलं ते वाचतो.

म्हणूनच एआयकडून लिहून घेतलेला कोड जसाच्या तसा पाठवू नकोस. मदत घे, मीही घेतो. पण 'ही ओळ का?' असं कोणी विचारलं तर उत्तर तुझ्याकडे हवं. इंटरनेटवरून डेटा आणणाऱ्या कर्ल या प्रोजेक्टचे डॅनियल स्टेनबर्ग यांनी एआयने रचलेल्या खोट्या सुरक्षा-तक्रारींनी किती वेळ खाल्ला हे जाहीरपणे लिहिलं आहे. अशा वातावरणात स्वतःच्या शब्दांत तीन ओळी लिहिणारा मुलगा चटकन उठून दिसतो, इंग्रजी मोडकं असलं तरी.

आणि मेंटेनर थंड वाटला तर लगेच मनाला लावून घेऊ नकोस. एक्सझेड या फाइल छोट्या करणाऱ्या सॉफ्टवेअरचं २०२४ चं प्रकरण वाच. थकलेला एकटा मेंटेनर, दोन-अडीच वर्षं नीट काम करून विश्वास कमावणारा एक अनोळखी मदतनीस, आणि शेवटी त्यानेच आत लपवलेलं मागचं दार. ते सापडलं केवळ यासाठी की आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला लॉगिन अर्धा सेकंद जास्त घेतंय असं खटकलं. त्यानंतर 'मला कमिटचा अधिकार द्या' असं दुसऱ्या महिन्यात विचारणाऱ्याकडे लोक कसे बघत असतील, तूच विचार कर.

लायसन्सचं एवढंच: रेपोत लायसन्सची फाइलच नसेल तर कोड दिसतो पण वापरायचा हक्क मिळत नाही, तिथे वेळ घालवू नकोस. काही प्रोजेक्ट कमिटखाली 'साइन्ड ऑफ बाय' ओळ मागतात, म्हणजे हा कोड द्यायचा मला अधिकार आहे अशी तुझी सही. इंटर्नशिप चालू असेल तर ती ओळ लिहिण्याआधी करारपत्र वाच, कधी कधी त्यात तू लिहिलेलं सगळंच कंपनीचं असतं.

मग येत्या रविवारी काय करशील? पोहे खाऊन बस. तू खरंच वापरतोस अशा सहा गोष्टी लिही: एडिटर, नोट्सचं ॲप, व्हिडिओ प्लेअर, कुठलीशी पायथन लायब्ररी. सहाच्या बंद पुल रिक्वेस्ट वाच, तीन गळतील. उरलेल्या तिन्ही बिल्ड कर, एखादी अजून गळेल. राहिलेल्या दोनमध्ये भाषा मराठी करून किंवा मराठी मजकूर टाकून काय मोडतं ते बघ. काहीच मोडलं नाही तर जुने बग घडवून बघायच्या मागे लाग. दोनपेक्षा जास्त प्रोजेक्ट धरू नकोस, आणि ती पडून असलेली मशीन लर्निंगची पुल रिक्वेस्ट स्वतःच बंद कर, सभ्यपणे एक ओळ लिहून.

सेमिस्टरची परीक्षा जवळ आली असेल तर काम हातात घेतानाच मेंटेनरला लिहून टाक की अमुक तारखेपासून तीन आठवडे मी नसेन. मुलं न सांगता गायब होतात आणि मग लाजेने परतच येत नाहीत. माझ्याकडे अशा चार अर्धवट पुल रिक्वेस्ट आहेत, चांगल्या होत्या.